कानात वाजणारे काळीज

(नभोवाणीवरील भाषणाचा मजकूर)



लहानपणी आम्हां मुलांना एक खेळ शिकविला जाई. दोन्ही हातांची बोटे कानांत घट्ट घालावयाची आणि डोळे मिटून गप्प बसावयाचे. थोड्याच वेळात दूर कोठे तरी मोठा जाळ धडधडत असावा तसा घोष ऐकू येऊ लागे. "ऐकलेस? ती रावणाची चिता. अजून विझलेली नाही," असे घरातील वडील माणसे सांगत, आणि आम्ही घाबरून बोटे काढून घेत असू. लंका कोठे आणि बेळगुंदी कोठे, हा प्रश्न त्या वयात पडत नसे.

पुढे वैद्यकीचे शिक्षण घेताना कळले की ती चिता आपल्याच शरीरात पेटलेली असते. बोटे कानात दाबून धरण्यासाठी हाताचे स्नायू आवळावे लागतात. आवळलेला स्नायू बाहेरून स्थिर दिसला तरी तो आत सेकंदाला वीस-पंचवीस वेळा सूक्ष्म कंप पावत असतो, आणि तो कंप बोटातून कानात उतरतो. १८१० च्या सुमारास वुलस्टन नावाच्या इंग्रज शास्त्रज्ञाने या आवाजाचा मोठ्या बारकाईने अभ्यास केला होता. म्हणजे जो आवाज ऐकून आम्ही लंकेपर्यंत पोहोचलो, तो ऐकून या गृहस्थांनी आपल्याच दंडाकडे पाहिले. मी त्यांची थोरवी कमी करीत नाही. परंतु आमच्या आजीची कथा मला अजूनही अधिक आवडते, हे कबूल केले पाहिजे.

आता या खेळातून हाताचे स्नायू वगळून पाहा. रात्री सर्वत्र निजानीज झाली असता एका कुशीवर झोपावे आणि कान उशीत पुरता रुतवावा. बोटांना काही काम नाही, दंड सैल आहे, चिता विझलेली आहे. अशा वेळी पुष्कळांना एक निराळाच आवाज ऐकू येतो. मंद, मऊ, ठराविक अंतराने येणारा. मनगटावर बोट ठेवले तर तो नाडीच्या गतीनेच येत असल्याचे ध्यानात येते. हे आपले हृदय होय. आपण त्याला काळीज म्हणतो. वास्तविक काळीज म्हणजे यकृत. खाटकाच्या दुकानात हा भेद कोणी विसरत नाही, परंतु भाषेत आणि काव्यात आपण यकृतालाच धडधडावयास लावले आहे. त्या धडधडीविषयी, आणि ती कानातून टिपणाऱ्या एका नव्या युक्तीविषयी, आज मला चार शब्द सांगावयाचे आहेत.

हृदय छातीत असते. ते कानात का ऐकू यावे? आणि कान झाकल्यावरच का? या दोन प्रश्नांची उत्तरे निरनिराळी आहेत.

पहिल्याचे उत्तर सोपे आहे. हृदयाच्या झडपा मिटतात तेव्हा दोन आवाज होतात. वरच्या व खालच्या कप्प्यांमधील झडपा मिटतात तो पहिला, आणि मोठ्या रोहिण्यांच्या तोंडाशी असलेल्या झडपा मिटतात तो दुसरा. वैद्यकाच्या विद्यार्थ्यांना ते 'लब' आणि 'डप' म्हणून शिकविले जातात. या आवाजांचा काही अंश मांस आणि हाडे यांतून मस्तकापर्यंत येतो. शिवाय प्रत्येक ठोक्याबरोबर रक्ताची जी लाट निघते, ती मानेच्या रोहिणीतून वर चढते. कवटीच्या ज्या हाडात आपला अंतःकर्ण बसविलेला आहे, त्याच हाडातील बोगद्यातून मेंदूकडे जाणारी मोठी रोहिणी जाते. कानाच्या पुढे, गालफडाच्या सांध्याशी बोट ठेवले तर आणखी एक रोहिणी उडताना लागते. कान असा सर्व बाजूंनी रक्तप्रवाहाने वेढलेला आहे. आश्चर्य असेलच तर ते आपल्याला दिवसभर हा आवाज ऐकू येत नाही याचे आहे.

दुसऱ्या प्रश्नासाठी सायकलच्या पंपाची आठवण करावी. पंपाचे तोंड उघडे ठेवून दांडा दाबला तर हवा सहज निघून जाते, हाताला काही जाणवत नाही. तेच तोंड अंगठ्याने बंद करून दाबले की दांडा उलट रेटू लागतो. कानाची नळी सुमारे अडीच सेंटिमीटर लांब असते. नाडीच्या प्रत्येक ठोक्याला तिच्या भिंती अत्यंत सूक्ष्म प्रमाणात आतबाहेर होतात. नळीचे तोंड उघडे असताना ही हालचाल हवेला बाहेर ढकलते आणि वाया जाते. तोंड बंद केले की आत राहिलेली घनसेंटिमीटरभर हवा दाबली जाते, आणि तो दाब जाण्यास कानाच्या पडद्याखेरीज दुसरी जागाच उरत नाही. खर्जाच्या आवाजांत ही वाढ वीस डेसिबलची किंवा त्याहूनही अधिक असू शकते. वीस डेसिबल म्हणजे दाबाच्या हिशेबात दहापट. आणि हृदयाचा आवाज तर खर्जातलाच. त्याचा बहुतेक भाग सेकंदाला वीस ते दीडशे कंपनांच्या दरम्यान असतो. म्हणजे तंबोऱ्याच्या खर्जाच्या तारेच्या आसपास, आणि तिच्याही बराच खाली. माणसाचा कान या प्रांतात मुळातच मंद आहे.

ज्यांनी कानात श्रवणयंत्र घातले आहे, त्यांना हा अनुभव नको तितका येतो. मी त्यांतला एक आहे. यंत्राची गुडदी कानात घट्ट बसली की स्वतःचे बोलणे रांजणात तोंड घालून बोलल्यासारखे वाटते, आणि भाकरीचा घास चावताना जवळ कोणी तरी खडी फोडीत असल्याचा भास होतो. हा त्रास कमी व्हावा म्हणून श्रवणयंत्र बनविणारे त्या गुडदीस मुद्दाम एक बारीक छिद्र ठेवतात. वर्षानुवर्षे या मंडळींनी जो दोष घालविण्यासाठी खटपट केली, तोच दोष दुसऱ्या काही मंडळींना हवा होता. बंद कानात शरीराचे आवाज मोठे होतात ना? मग तेथेच मायक्रोफोन का ठेवू नये?

परंतु मायक्रोफोनकडे वळण्यापूर्वी नळीविषयी बोलणे मला प्राप्त आहे, कारण माझे सारे आयुष्य नळीबरोबर गेले. खेड्यातील माणूस स्टेथॉस्कोप म्हणत नाही. "डाक्टरांनी नळी लावली का?" असे तो विचारतो, आणि लावली नसेल तर फी देताना त्याचा हात आखडतो. ही नळी १८१६ साली पॅरिसमध्ये जन्मास आली. लाएनेक या तरुण डॉक्टरापुढे हृद्रोगाने आजारी अशी एक तरुण स्त्री होती. तोपर्यंत छातीस प्रत्यक्ष कान लावून ऐकण्याची रीत होती. ती येथे संकोचाची होती आणि रुग्णाच्या स्थूलतेमुळे निरुपयोगीही होती. लाकडी वाशाच्या एका टोकास टाचणीने खरवडले असता दुसऱ्या टोकास कान लावणाऱ्याला तो आवाज स्पष्ट ऐकू येतो, हे त्यास आठवले. त्याने कागदांची घट्ट गुंडाळी केली, एक टोक छातीवर ठेवले, दुसरे कानास लावले, आणि कान लावून कधी ऐकला नव्हता इतका स्वच्छ ठोका त्याला ऐकू आला. पुढे त्याने लाकडाची नळी केली, आणि १८१९ साली आपला ग्रंथ प्रसिद्ध केला. ज्या क्षयरोगाचे आवाज त्याने जगाला ऐकावयास शिकविले, त्याच क्षयाने तो १८२६ साली वयाच्या पंचेचाळिसाव्या वर्षी गेला. दोन्ही कानांची लवचिक नळी त्यानंतर पंचवीस-एक वर्षांनी आली.

आपल्याकडे नाडी पाहण्याची विद्या त्याहून कितीतरी जुनी आहे. शार्ङ्गधरसंहितेत नाडीच्या गतीस प्राण्यांच्या चालीच्या उपमा दिलेल्या आहेत; वाताची नाडी जळू किंवा सर्प यांसारखी वळवळत जाते, पित्ताची बेडूक-कावळ्यासारखी उड्या मारीत, कफाची हंसासारखी संथ. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतील संशोधकांनी मनगटावर दाब मोजणारी साधने बसवून ही नाडी यंत्राने नोंदविण्याचा प्रयत्न केला, आणि 'नाडी तरंगिणी' या नावाने त्याचे वृत्त २००७ साली प्रसिद्ध झाले. यंत्राने बेडूक आणि हंस वेगळे ओळखावेत की नाही, याविषयी माझ्यासारख्या पाश्चात्त्य वैद्यकात वाढलेल्याने बोलू नये. परंतु वैद्याच्या बोटांना जे कळते ते कागदावर उमटले तर त्याची शहानिशा तरी करता येते, इतके मला मान्य आहे.

आता मायक्रोफोन. अलीकडे तरुण मंडळी कानांत पांढरी बोंडे घालून हिंडताना दिसतात. यांतील महागड्या बोंडांत बाहेरचा गोंगाट पुसून टाकण्याची सोय असते. त्यासाठी एक सूक्ष्म मायक्रोफोन बाहेरच्या बाजूस, आणि पुष्कळदा दुसरा आतल्या बाजूस, कानाच्या पडद्याकडे तोंड करून बसविलेला असतो. आतला मायक्रोफोन कानात शिल्लक राहिलेला गोंगाट ऐकतो, आणि त्याच्या बरोबर उलट अशी लाट यंत्र सोडते. म्हणजे हा मायक्रोफोन आवाज नाहीसा करण्यासाठी तेथे गेला. तेथे गेल्यावर त्याला हृदय ऐकू येऊ लागले.

या दिशेने झालेले एक काम कॅनडातील माँट्रिऑल येथील तंत्रशिक्षण संस्थेत झाले, आणि ते २०१८ साली मार्टिन व व्वा या दोघा संशोधकांच्या नावे प्रसिद्ध झाले. त्यांच्या डोळ्यांपुढे संगीताचे शौकीन नव्हते. कारखान्याच्या कर्कश आवाजात काम करणारे मजूर होते. अशा मजुरास कानांत बोंडे घालावीच लागतात; मग त्याच बोंडात मायक्रोफोन ठेवून त्याच्या हृदयाची आणि श्वासाची गती दुरून का पाहू नये, असा त्यांचा विचार. पंचवीस माणसांवर त्यांनी प्रयोग केला. हृदयाची गती मोजताना सरासरी चूक मिनिटास चार-साडेचार ठोक्यांची झाली. कानातल्या नोंदींत कारखान्याचा प्रचंड गोंगाट मिसळला तरी पद्धत टिकली. कारण बाहेरचा मायक्रोफोन केवळ गोंगाट ऐकतो आणि आतला गोंगाट अधिक हृदय ऐकतो, तेव्हा एकातून दुसरे वजा करता येते.

हे वाचताना माझ्यापुढे बेळगावचे उद्यमबाग उभे राहिले. तेथील ओतशाळा आणि लेथचे कारखाने यांत आमच्या पश्चिम भागातील खेड्यांतली कितीतरी मुले काम करतात. सकाळी शेतात रताळ्याचे वेल परतावयाचे आणि दुपारच्या पाळीला मोटारसायकलवरून उद्यमबाग गाठावयाचे, असा त्यांचा दिनक्रम असतो. आपल्याकडील कारखान्यांच्या नियमांनुसार आठ तासांच्या पाळीस नव्वद डेसिबल ही आवाजाची मर्यादा आहे. त्याहून अधिक आवाजात कानांस संरक्षण हवे. परंतु ही मुले माझ्याकडे आली म्हणजे कानांत कापूस घातल्याचे सांगतात. कापसाने थंडी अडते, आवाज फारसा अडत नाही. ज्याच्या कानात साधे रबरी बोंड नाही, त्याच्या कानात हृदय ऐकणारे बोंड कधी जाणार, याचा विचार मनात आल्यावाचून राहिला नाही.

केंब्रिज येथील विद्यापीठातील संशोधकांनी पुढची अडचण हाती घेतली, ती म्हणजे हालचाल. बंद कान हृदयाचाच आवाज मोठा करतो असे नाही. पाऊल जमिनीवर आपटते तो धक्का हाडांतून वर येतो, जबडा हलतो, आपण आवंढा गिळतो. हे सारे तितकेच मोठे होते, आणि हृदयाच्या मानाने ते मुळातच दांडगे असते. गणपतीच्या मिरवणुकीत कोणी सतारीची तार छेडावी तसा हा प्रकार. या मंडळींनी संगणकास पुष्कळ उदाहरणे दाखवून त्या गलक्यातून ठोका वेगळा काढण्यास शिकविले. वीस माणसांवर घेतलेल्या चाचणीत माणूस स्वस्थ बसला असता सरासरी तीन ठोक्यांची चूक झाली, चालताना आठांची, धावताना अकराची, आणि बोलताना नऊंहून किंचित अधिक. मला यांतला शेवटचा आकडा फार बोलका वाटला. रोग्याने नळी लावताना बोलू नये म्हणून आम्ही किती वेळा डोळे वटारले असतील!

२०२३ साली गूगल या कंपनीच्या संशोधकांनी निराळीच युक्ती केली. त्यांनी वटवाघळाचा कित्ता गिरविला. बोंडातूनच माणसास ऐकू न येणारा अतिसूक्ष्म स्वर कानाच्या नळीत सोडावयाचा आणि तिच्या भिंतींवरून येणारा प्रतिध्वनी आतल्या मायक्रोफोनने पकडावयाचा. रक्ताची लाट आली की भिंत किंचित फुगते आणि प्रतिध्वनी किंचित बदलतो. एकशेत्रेपन्न माणसांवर घेतलेल्या चाचणीत चुकीचा मध्यक ३.२१ टक्के आला. मिनिटास बहात्तर ठोके धरले तर ही चूक सव्वादोन ठोक्यांहून किंचित अधिक होते. गाणे चालू असतानाही हे जमते, असे त्यांचे म्हणणे आहे.

येथवर ऐकून कोणास वाटेल की आता नळीचे दिवस भरले. म्हणून मला एक गोष्ट सांगितली पाहिजे. ती सांगण्यात मला आनंद नाही.

पुष्कळ वर्षांपूर्वी आमच्या परिसरातील एका शाळेत मुलांची आरोग्य तपासणी होती. जुलै महिना होता. आमच्याकडे जुलैचा पाऊस म्हणजे काय ते सह्याद्रीच्या कुशीत राहणाऱ्यांनाच ठाऊक. शाळेवर पत्रे होते, आणि पत्र्यावर पावसाचा असा ताशा वाजत होता की समोरच्या मास्तरांचे बोलणे मला ओठांवरून ओळखावे लागे. साठ-सत्तर मुले ओळीने उभी होती आणि मला अंधार पडण्यापूर्वी ओढा ओलांडून घरी पोहोचावयाचे होते. एकेका छातीवर मी नळी ठेवीत होतो, उचलीत होतो, आणि कार्डावर 'हृदय : ठीक' असे लिहीत होतो. त्या ओळीत सातवीतली एक मुलगी होती. गुडघे दुखतात, सुजतात, असे तिने सांगितल्याचे मला नंतर आठवले. पावसात शेतात उभे राहिल्याने दुखत असतील, असे मी म्हणालो.

आठ वर्षांनी तीच मुलगी पहिलटकरीण म्हणून माहेरी आली. सहावा महिना सरत आलेला. तिची आई तिला धरून दवाखान्याच्या पायऱ्या चढली आणि म्हणाली, "डाक्टर, पोरीला धाप लागूलालीय बघा. रातचं उशाला दोन उशा घेतल्या तरी झोप न्हाई." मुलीने स्वतः काही सांगितले नाही. तिला बोलण्याइतका श्वासच पुरत नव्हता.

त्या दिवशी मी दवाखान्याचे दार लावून घेतले. पंखा बंद केला. तिला डाव्या कुशीवर वळविले, नळीची छोटी वाटी अगदी हलकेच हृदयाच्या टोकाशी ठेवली, आणि ऐकत राहिलो. दुसऱ्या ठोक्यानंतर, पुढचा पहिला ठोका येण्यापूर्वीच्या शांततेत, दूरवर कोठे बैलगाडी लाकडी पुलावरून जावी तशी एक अस्पष्ट गडगड होती. डाव्या बाजूची झडप अरुंद झाल्याची ती खूण. लहानपणी घसा सुजतो, त्यावर नीट उपचार होत नाहीत, मग सांधे धरतात, आणि सांधे सुटले तरी रोग हृदयाच्या झडपांत जाऊन बसतो. सांध्यांना चाटून जातो आणि हृदयाला चावतो, अशा अर्थाचे एक वचन आम्हांला विद्यार्थिदशेत शिकविलेले असते. झडप अरुंद असली तरी एरवी बाई कशीबशी निभावून नेते. गरोदरपणात मात्र अंगातील रक्त चाळीस-पन्नास टक्क्यांनी वाढते, हृदयाची गती वाढते, आणि तेवढे रक्त त्या फटीतून वेळेत पुढे जाऊ शकत नाही. ते मागे फुप्फुसांत तुंबते.

घरी जाऊन मी जुनी कार्डे काढली. 'हृदय : ठीक.' अक्षर माझेच होते. त्या पावसाळी दुपारी ती गडगड तिच्या छातीत होती की नव्हती, हे आज कोणीही सांगू शकणार नाही. मी ऐकले नव्हते, एवढे मात्र मी सांगू शकतो.

पूर्वी आमच्या भागात अशा रोग्याला मिरजेला नेत. डॉक्टर वॉन्लेस यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस तेथे रुग्णालय उभारल्यापासून 'मिरजेला नेले' या शब्दांतच आजाराचे गांभीर्य कळून येई. ज्या गावात तंबोरे घडतात त्याच गावाची वाट आमच्याकडील आजारी माणसांनी धरावी, हा योगायोग मला नेहमी मौजेचा वाटे. या मुलीच्या वेळेपर्यंत बेळगावातच सोय झाली होती. तेथे ध्वनिलहरींनी हृदयाचे चित्र काढले, झडप किती अरुंद आहे ते मोजले, आणि मांडीच्या शिरेतून नळी नेऊन, तिच्या टोकाचा फुगा झडपेत फुगवून ती मोकळी केली. जपानच्या इनोऊ नावाच्या शल्यविशारदाने १९८० नंतरच्या दशकात रूढ केलेली ही पद्धत आहे. छाती फाडावी लागत नाही. दिवस भरून ती सुखरूप बाळंत झाली. दर तीन आठवड्यांनी पेनिसिलिनचे इंजेक्शन घेण्यासाठी ती पुढे कित्येक वर्षे सासरहून येत असे.

कानातल्या बोंडाने तिचा रोग सांगितला असता काय? मला वाटते, ती गडगड त्याला ऐकू आली नसती. तो आवाज छातीवरच रुपयाएवढ्या जागेत सापडतो. रोगी उताणा झोपला तरी हरवतो. कानापर्यंत येते ती रक्ताची लाट आणि मिटणाऱ्या झडपांचा पुसट आवाज. त्यातून संख्या मिळते. मात्र एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगावयास हवी. ही झडप अरुंद झालेल्या पुष्कळ रोग्यांत कालांतराने हृदयाचा ताल सुटतो. ठोके अवेळी, वेडेवाकडे पडू लागतात, आणि तशा हृदयात रक्ताची गुठळी होऊन ती मेंदूत जाण्याचे भय असते. माणूस माझ्याकडे महिन्यातून एकदा येणार, दोन मिनिटे बसणार. हृदयाचे ठोके दिवसाला लाखाच्या घरात पडतात. त्या लाखांतील दीडशे मी ऐकतो. कानात तासन्‌तास बसून राहणाऱ्या यंत्राला तुटलेला ताल माझ्याआधी सापडेल, हे मला मान्य केले पाहिजे.

आणि नळीचा तरी काय गर्व करावा? २००७ साली कंबोडिया व मोझांबिक या देशांतील शाळकरी मुलांची तपासणी प्रसिद्ध झाली. नळीने ऐकून जेवढी झडपरोगी मुले सापडली, त्यांच्या सुमारे दसपट मुले ध्वनिलहरींच्या चित्राने सापडली. तेथे काही पत्र्यावर पाऊस पडत नव्हता, किंवा पडत असेलही. परंतु निष्णात कान असूनही दहांतील नऊ निसटली. हे वाचल्यावर त्या सातवीतल्या मुलीविषयी मला थोडे हलके वाटावयास हवे होते. वाटले नाही. दहांतील एक तरी ऐकण्यासाठी नळी छातीवर टेकवून थांबावे लागते, आणि मी थांबलो नव्हतो.

नळी आणि मायक्रोफोन यांचा मेळही आता बसू लागला आहे. मुंबईच्या आय. आय. टी.मध्ये वैद्यकीय उपकरणांसाठी २०१४ साली जे केंद्र निघाले, तेथील मंडळींनी नळीच्या वाटीशी मायक्रोफोन जोडून छातीचा आवाज बिनतारी मार्गाने डॉक्टरच्या फोनवर नेण्याची सोय केली. २०२० साली करोनाच्या साथीत रोग्याजवळ जाणे धोक्याचे झाले तेव्हा तिचा विशेष बोलबाला झाला. या साधनाचे मोल माझ्या मते साथीपुरते नाही. खेड्यातील परिचारिकेने ऐकलेला संशयास्पद आवाज जसाच्या तसा साठविता येतो, शहरातील जाणकाराला ऐकविता येतो, आणि तो पुन्हा ऐकता येतो. माझ्या त्या कार्डावर फक्त 'ठीक' हा शब्द आहे. आवाज असता तर आज कोणी तरी मला खरे काय ते सांगू शकला असता.

श्रवणयंत्राचा उल्लेख मी वर केला. वयोमानाने बहिरेपण येते तेव्हा आधी वरच्या पट्टीतील आवाज जातात. माझ्या दारच्या झाडावरील बारीक पाखरे प्रथम मुकी झाली. मग नातवंडांच्या बोलण्यातील 'स' आणि 'श' गेले. बायकांचे बोलणे अर्धे कळेनासे झाले, त्याबद्दल घरात माझी कानउघाडणीही झाली. परंतु हृदयाचा ठोका खर्जातला असल्यामुळे तो मला शेवटपर्यंत ऐकू येत राहिला. रोगी काय सांगतो ते कळत नव्हते आणि त्याची छाती काय सांगते ते कळत होते, अशी दोन वर्षे काढून मी दवाखाना बंद केला.

म्हणूनच कानांत बोंडे घालून रात्रंदिवस मोठ्या आवाजात गाणी ऐकणाऱ्या मुलांना पाहून जीव तुटतो. लग्नाच्या वरातीत भिंती हादरविणाऱ्या ध्वनिवर्धकांपुढे तीच मुले नाचतात. अंतःकर्णातील नाजूक पेशी एकदा मेल्या की पुन्हा उगवत नाहीत. ज्या बोंडाने हृदय जपावयाचे, त्यानेच कान जाऊ नये, इतके पथ्य पाळावे. दुसरे असे की एकाच कानात, नाडीच्या तालावर, सतत धपधप ऐकू येऊ लागली तर तिला रावणाची चिता समजून सोडून देऊ नये. क्वचित ती रक्तवाहिनीच्या विकाराची सूचना असते, डॉक्टरला दाखवावे. आणि तिसरे. छातीस नळी लावताना आम्ही सदरा बाजूला करावयास सांगत असू, म्हणजे रोग्यास कळत असे की आता आपले हृदय ऐकले जात आहे. गाणे ऐकण्यासाठी घातलेले बोंड असे काही सांगत नाही. कोणत्या घटकेला कोणाचे काळीज किती धडधडले, ही नोंद एखाद्या दूरच्या कंपनीच्या दप्तरी जावी की नाही, हे ज्याचे काळीज त्याने ठरवावयाचे आहे. मात्र त्यासाठी त्याला आधी विचारले पाहिजे.

गेल्या दिवाळीत माझा पुतण्याचा मुलगा असली बोंडे घेऊन गावी आला. ती कानांतून ठोके मोजतात असे त्याने सांगितले. "आजोबा, तुम्ही घालून बघा ना," म्हणाला. मी श्रवणयंत्र काढून ठेवले, बोंडे घातली, आणि ओसरीवर स्वस्थ बसलो. त्याच वेळी डाव्या मनगटावर उजव्या हाताची बोटे ठेवून, भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहत, मी पूर्ण एक मिनिट मोजले. फोनवर चौऱ्याहत्तर आले. माझे बहात्तर झाले होते. कोणाचे बरोबर म्हणून तो विचारू लागला, तेव्हा मी त्याला शेजारी बसविले, त्याची बोटे माझ्या मनगटावर ठेवली, आणि पुन्हा पहिल्यापासून मोजावयास सांगितले.